डिस्क चालत नाही म्हणजे नेमकं काय चालत नाही?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: एका डीव्हीडीवर तीन चित्रपट बसवायचे म्हणून दुकानदार गाणी कापत असत. पुरावा म्हणून माझ्याकडे एक डिस्क होती. भिवंडीत निजामपुऱ्यातलं एक सीडीचं दुकान बंद झालं, तेव्हा मालकांनी दोन पिशव्या भरून माल दिला होता, त्यातली ही. घरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर ती मी तीनदा लावली. तिन्ही वेळा दुसऱ्या चित्रपटातलं एक गाणं गायब. संवाद संपतो आणि थेट पुढचा प्रसंग सुरू. तीनदा तेच दिसलं म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

वाक्य चुकीचं होतं. गाणं डिस्कवर होतं. माझ्या ड्राइव्हला तो भाग वाचता येत नव्हता आणि प्लेयर मला काही न सांगता पुढच्या चॅप्टरवर उडी मारत होता.

हा लेख त्यासाठी आहे. पीएच.डी.ला प्रवेश घ्यायच्या तयारीत असाल तर आज ना उद्या तुमच्या हातात अशी डिस्क येणारच. तमाशाच्या व्हीसीडी असोत, कुणाच्या लग्नाची चित्रफीत असो, नाहीतर विभागाच्या कपाटात पडलेलं जुन्या चर्चासत्राचं चित्रण. ती लावल्यावर पडदा काळा येईल, किंवा मध्येच अडकेल. आपण काय करतो? दुसरा प्लेयर टाकतो, नेटवर सापडेल ती आज्ञा चिकटवतो, पुसून परत लावतो, आणि एकदाची चालली की सुटकेचा निःश्वास टाकतो. घरी सिनेमा बघायला एवढं पुरेसं आहे. संशोधनाला नाही, कारण चालली तरी का चालली आणि काय सुटलं हे कळलेलं नसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण डिस्क कुठून आली यावर तिचे रोग ठरतात. भिवंडी आणि मालेगाव ही दोन्ही यंत्रमागांची गावं. मालेगावात शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला आणि तिथल्या गावठी व्हिडिओपटांचं नाव झालं. पुढे फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ते बाहेरच्या जगाला कळलं. त्याच काळात व्हीसीडी आणि मग डीव्हीडी स्वस्त होत गेल्या. 2007 मध्ये मोझर बेअरने अधिकृत व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, तेव्हा हा बाजार हादरला होता. त्यामुळे या दुकानांच्या पिशवीत तीन जातीच्या डिस्का एकत्र सापडतात: कारखान्यात छापलेल्या, घरी बर्न केलेल्या, आणि व्हीसीडी. तिघींना लिनक्सवर तीन वेगळ्या अडचणी येतात, आणि वरवर तिन्ही सारख्याच दिसतात.

डिस्क उलटी करून उजेडात धरा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर छापलेली. हिरवट-निळसर झाक असेल तर बर्न केलेली सीडी, जांभळट असेल तर बर्न केलेली डीव्हीडी. बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर उतरत जातो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सीडीचा माहितीचा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लॅस्टिकचं संरक्षण आहे, वरून फक्त लाखेचा पातळ लेप. त्यामुळे लेबलवरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक. डीव्हीडीत थर मधोमध असतो, म्हणून ती या बाबतीत दणकट.

पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका. माहिती आवर्ताच्या रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला थोडासाच भाग खातो आणि चूक दुरुस्त करणारं गणित तो भरून काढतं. गोलाईत गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती खातो. माझं हरवलेलं गाणं असंच गेलं होतं.

प्लेयर उघडण्याआधी कर्नलला विचारा

(आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

प्लेयर हा साखळीतला शेवटचा माणूस. त्याच्याकडे तक्रार नेली तर तो ‘फाइल उघडता आली नाही’ एवढंच सांगतो. खरी हकीकत कर्नलच्या नोंदींत असते. डिस्क आत सरकवा, एक टर्मिनल उघडा आणि ‘डीमेसेज’ ही आज्ञा चालू ठेवा, म्हणजे नोंदी येतील तशा दिसतील. माझ्या अनुभवात तिथे चार प्रकारची उत्तरं मिळतात, आणि चारांचे उपाय एकमेकांशी काही संबंध नसलेले आहेत.

नोंदीत ‘नो मीडियम फाउंड’ आलं तर आत डिस्क आहे हेच ड्राइव्हला कळलेलं नाही. इथे सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही. एक तपासणी करा: एखादी चांगली डीव्हीडी आणि एखादी चांगली सीडी आलटून पालटून लावा. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लेसर लागतो, म्हणजे एकाच ड्राइव्हमध्ये दोन डोळे असतात. एक मेला तरी दुसरा चालू राहतो. ‘डीव्हीडी चालते म्हणजे ड्राइव्ह ठीक, व्हीसीडीच खराब’ हा निष्कर्ष मी दोन आठवडे उराशी धरून बसले होते. आणि भिवंडीत राहणाऱ्यांनी आधी लेन्सकडे बघावं. शेजारी लूम चालू असेल तर सुताचा बारीक धुरळा बंद कपाटातही शिरतो, ड्राइव्हच्या ट्रेमधून आत जायला त्याला काय अडचण? हवेच्या फुग्याने फुंकून घ्या. लेन्सवर बोट लावू नका.

यूएसबी रीसेट किंवा डिसकनेक्ट असं काही परत परत दिसलं तर बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला वीज पुरत नाहीये. डिस्क फिरू लागताना तो जास्त करंट ओढतो. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा, हब काढा, केबल बदला.

‘मीडियम एरर’, ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ असे शब्द आणि पुढे सेक्टरचा आकडा आला, तर डिस्क ओळखली गेली आहे पण ठराविक जागा वाचता येत नाही. हा खरा डिस्कचा आजार. त्याकडे लांबून येऊ.

आणि चौथं: ‘इल्लीगल रिक्वेस्ट’, सोबत ‘रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन’. नवख्या माणसाला हेही डिस्क खराब असल्यासारखंच वाटतं. पण डिस्क अगदी धडधाकट असते, फक्त कुलूपबंद.

कुलूप

छापलेल्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. त्याची किल्ली लिनक्सच्या वितरणांसोबत येत नाही, म्हणून ताज्या यंत्रणेवर अधिकृत विकत घेतलेली डीव्हीडी चालत नाही आणि चोरीची मात्र छान चालते! चोरीची डिस्क बनवतानाच कुलूप काढलेलं असतं ना. माझ्या पिशवीत ही विभागणी इतकी स्वच्छ होती की कुठली डिस्क अधिकृत, हे मी नोंदीतल्या त्या एका ओळीवरून ओळखू लागले.

1999 मध्ये डीसीएसएस नावाचा प्रोग्रॅम बाहेर आला आणि नॉर्वेत योन लेक योहानसेन या तरुणावर खटला चालला. 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. आज आपण वापरतो ती ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी व्हिडिओलॅनची, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्यांची. डेबियन आणि उबुंटूवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज टाकायचं आणि मग ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ चालवायचं. ही दुसरी पायरी विसरली जाते. पॅकेज टाकलंय, तरी चालत नाही, म्हणून लोक डोकं धरून बसतात. पॅकेज फक्त ओतकाम करणारा कारागीर आहे, लायब्ररी त्या दुसऱ्या पायरीत तयार होते. फेडोरावर आरपीएम फ्यूजनच्या ‘टेंटेड’ भांडारात ती मिळते. व्हीएलसी स्नॅप म्हणून टाकला असेल तर अजून एक गोची: तो स्वतःच्या बंद खोलीत राहतो, तुम्ही यंत्रणेवर टाकलेली लायब्ररी त्याला दिसतच नाही. अशा वेळी वितरणाच्या भांडारातला साधा व्हीएलसी घ्या.

कायद्याचं काय? मी वकील नाही, पण कलमं वाचली आहेत आणि तुम्हीही वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये संशोधनासह खासगी वापराला न्याय्य वापराची सूट आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामाला त्यात अपवादही आहे. गाईडशी हे एकदा बोलून घ्या आणि प्रबंधात पद्धतीच्या भागात लिहा. लपवण्यासारखं काही नाही.

रिजनचाही एक फाटा आहे. भारत रिजन 5 मध्ये, आखाती देश रिजन 2 मध्ये. भिवंडीतल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं, त्यामुळे तिकडून आलेल्या डिस्का इथे सापडतात. ड्राइव्हचा रिजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा गोठतो. ‘रिजनसेट’ने आधी बघा की तुमच्या कोऱ्या ड्राइव्हवर रिजन ठरवलेला तरी आहे का. कधी कधी तोच नसतो आणि सगळा खोळंबा त्यामुळे होतो.

व्हीसीडी: खराब नसलेली खराब डिस्क

व्हीसीडी लावली की फोल्डर दिसतं, आत डॅट फाइली दिसतात. कॉपी करायला जावं तर ‘इनपुट/आउटपुट एरर’. माझ्या आधी या विषयावर काम करणाऱ्या एका मित्राने अशा कितीतरी व्हीसीडी ‘नष्ट’ म्हणून नोंदवून परत केल्या होत्या. त्यातली एकही नष्ट नव्हती.

कारण असं. साध्या सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये 2048 बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्तीची जास्तीची सोय. 1993 मध्ये व्हीसीडीचं मानक ठरलं, तेव्हा चित्रपटासाठी जागा हवी म्हणून ही जास्तीची सोय काढून सेक्टरमागे 2324 बाइट भरले. चित्रात एखादा ठिपका बिघडला तर कुणाला काय, असा हिशोब. लिनक्सची फाइल-यंत्रणा मात्र 2048 चाच सेक्टर धरून चालते, त्यामुळे तिच्या दृष्टीने त्या फाइली वाचण्यासारख्याच नसतात. त्या फाइली म्हणजे दुकानाच्या पाटीवरची नावं, माल मागच्या ट्रॅकमध्ये. म्हणून फाइल उघडायची नाही, व्हीएलसीला ‘डिस्क उघडा’ मधून व्हीसीडी म्हणून द्यायची. प्रत काढायची तर ‘सीडीआरडीएओ’ने कच्ची प्रतिमा घ्यायची आणि ‘व्हीसीडीएक्सरिप’ने त्यातून चित्रपट सोडवायचा.

हीच जास्तीची सोय नसल्यामुळे व्हीसीडीवरचा ओरखडा डीव्हीडीपेक्षा लवकर पडद्यावर दिसतो, हे लक्षात असू द्या. त्याचा पुढे उपयोग आहे.

आधी प्रत, मग प्लेयर

आता ‘मीडियम एरर’कडे. अशी डिस्क प्लेयरमध्ये पुन्हा पुन्हा लावू नका. प्लेयरचं काम तुम्हाला सिनेमा दाखवत राहणं हे आहे, काय सुटलं ते सांगणं हे नाही. ‘डीडीरेस्क्यू’ नेमकं दुसरं काम करतो. तो आधी सहज वाचता येईल तेवढं उचलतो, अडेल ती जागा सोडून पुढे जातो, मग परत येऊन त्या जागांशी झटतो. आणि प्रत्येक सेक्टरचा हिशोब एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतो. दोन गोष्टी सांभाळा. ब्लॉकचा आकार 2048 सांगा. आणि कुलूपबंद डीव्हीडी असेल तर आधी व्हीएलसीमध्ये काही सेकंद लावा, म्हणजे ड्राइव्ह कुलूप उघडेल, मग डिस्क बाहेर न काढता डीडीरेस्क्यू चालवा. नाहीतर निरोगी डिस्कच्या नकाशात नुसते खड्डे दिसतील. व्हीसीडीला ही युक्ती नको, तिच्यासाठी वरचीच वाट.

सगळ्यात कामाची सोय म्हणजे तीच नकाशा-फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे जाता येतं. तिथे फक्त राहिलेल्या जागाच वाचल्या जातात. दोन वेगळ्या कंपन्यांचे जुने ड्राइव्ह एकाच ओरखड्यावर वेगळे वागतात, का ते विचारू नका, पण वागतात. लॅमिंग्टन रोडला नाहीतर ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे जुना सॅटा ड्राइव्ह मिळाला तर घेऊन ठेवा.

माझं गाणं असंच परत आलं. पण त्याआधी संशय कसा आला, ते सांगते. ‘एलएसडीव्हीडी’ ही छोटी आज्ञा डिस्कच्या अनुक्रमणिकेतून प्रत्येक चित्रपटाची लांबी वाचते. तिने दुसऱ्या चित्रपटाची जी लांबी सांगितली, ती मी प्रत्यक्ष बघितलेल्यापेक्षा सुमारे चार मिनिटांनी जास्त निघाली. ही अनुक्रमणिका डिस्क तयार करताना बनते, म्हणजे काटछाट झाल्यानंतर. दुकानदाराने गाणं कापलं असतं, तर अनुक्रमणिकेत लांबी कमीच आली असती. चित्रपट तिथे पूर्ण होता, माझ्या पडद्यावर अपुरा. वेळेची पट्टी नीट बघितली असती तर ती मध्येच चार मिनिटं पुढे उडालेलीही दिसली असती. मी गाणं शोधत होते, पट्टी कोण बघतंय!

चार मिनिटं म्हणजे किती? 4.7 जीबीच्या डिस्कवर तीन चित्रपट, सगळे मिळून साधारण सात तास. म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिटच्या आत. त्या हिशोबाने चार मिनिटं म्हणजे 45 एमबीच्या आसपास, सुमारे 22 हजार सेक्टर. डिस्कवर ही जागा मोजली तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद गोल पट्टा होतो. उजेडात धरल्यावर तिथे केसाएवढी गोल रेघ दिसली. पहिल्या ड्राइव्हने तिथे हात टेकले होते, दुसऱ्याने चाळीसेक सेक्टर सोडून सगळं वाचलं.

याच आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते. व्हीसीडीचा चित्र आणि आवाज मिळून दरही सेकंदाला 1.4 मेगाबिटच्या घरातलाच. म्हणजे ‘तीन इन वन’ डीव्हीडी घेणाऱ्याला डीव्हीडीच्या नावाखाली जवळपास व्हीसीडीएवढीच माहिती मिळत होती. म्हणून मारामारीच्या दृश्यात सगळं चित्र चौकोनी चौकोनी होतं. तो डिस्कचा बिघाड नाही, ती बनवतानाची कंजुषी आहे. वाचनातली चूक वेगळी दिसते: अर्धा-एक सेकंद चित्राचा तुकडा भलत्याच रंगात फाटतो आणि मग सगळं सुरळीत.

डोळ्यांवर विसंबू नका, दोन याद्या शेजारी ठेवा. प्रतिमा तयार झाली की ‘एफएफएमपेग’ला सांगा की चित्रपट पडद्यावर न दाखवता फक्त उलगडून बघ आणि चुका लिही. डीडीरेस्क्यूच्या नकाशात खड्डा आहे आणि तिथेच उलगडताना चूक येते, तर दोष तुमच्या हातातल्या डिस्कचा. नकाशा स्वच्छ आहे, दोन्ही ड्राइव्हवर स्वच्छ आहे, तरी त्याच जागी चित्र फाटतं, तर दोष डिस्कवर लिहिलेलाच आहे. तो या डिस्कच्या आईकडून आला, म्हणजे ज्या प्रतीवरून ही प्रत काढली तिच्याकडून. दोन्ही याद्या स्वच्छ आणि तरी पडदा काळा, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

मधल्या प्रकारासाठी मी आता पिशव्या उपसते आहे. ब्रायन लार्किन यांनी ‘सिग्नल अँड नॉइज’ या 2008 च्या पुस्तकात नायजेरियातल्या कानो शहराच्या व्हिडिओ बाजाराबद्दल लिहिताना, चोरीच्या प्रतींमधला खरखराट हा त्या बाजाराचाच ठसा असतो, असं मांडलं आहे. पिशवीतल्या दोन वेगळ्या डिस्कांवर एकाच चित्रपटात एकाच सेकंदाला तसंच फाटलेलं चित्र सापडलं, आणि दोघींचे नकाशे स्वच्छ निघाले. म्हणजे दोघी एकाच आईच्या लेकी. कुणी कुणाची प्रत काढली याची वंशावळ अशी बांधता येते, पण आपल्या ड्राइव्हचा खरखराट आधी वजा केला तरच.

नोंदीसाठी मी आता प्रत्येक डिस्कला एक फोल्डर ठेवते: दोन्ही बाजूंचे आणि वेष्टणाचे फोटो, प्रतिमा, नकाशा-फाइल, कर्नलच्या नोंदी, ड्राइव्हचं मॉडेल, आणि प्रतिमेचा शा-256 चेकसम. एका डिस्कला पाऊण तास जातो, हट्टी असेल तर रात्रभर. पिशव्यांत दोनशेच्या वर डिस्का आहेत, साठेक झाल्या.

त्यात गाणी खरोखर कापलेल्या डिस्काही सापडल्या, सहा. नकाशे स्वच्छ, अनुक्रमणिकेतली लांबी आणि पडद्यावरची लांबी सारखी, आणि ती मूळ चित्रपटापेक्षा कमी. तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य आता असं आहे: तपासलेल्या डिस्कांपैकी सहांमध्ये गाणी वगळलेली आढळली. खाली तळटीपेत त्या सहांचे क्रमांक आहेत. ज्या डिस्कवरून मी मूळ वाक्य लिहिलं होतं, ती त्यांच्यात नाही.